लोखंडाची वाट

‘लोहमार्ग’ हा शब्द आपण आगगाडीला देऊन टाकला आहे. इटालियन माणसानेही तेच केले. त्याच्या भाषेत आगगाडीच्या मार्गाला ‘फेर्रोव्हिया’ म्हणतात. पण त्याच अर्थाच्या शब्दांची जुळणी थोडी बदलून त्याने आणखी एक नाव रूढ केले : ‘व्हिया फेर्राता’. हीसुद्धा लोखंडाची वाटच. मात्र हिच्यावरून गाडी जात नाही, माणूस जातो, आणि तोही बहुतेक वेळा कड्याला बिलगून जातो. उभ्या कातळात ठोकलेल्या पोलादी खुंट्या, खुंटीपासून खुंटीपर्यंत ताणलेली जाड पोलादी तार, पाय ठेवायला जागा नसेल तिथे बसवलेल्या लोखंडी कड्या किंवा शिड्या, आणि कडाच दुभंगला असेल तिथे टाकलेला तारांचा झुलता पूल, असे या वाटेचे रूप असते. जर्मन बोलणारे लोक हिला ‘क्लेटरश्टाइग’ म्हणतात. चढणीची पायवाट, एवढाच त्याचा साधा अर्थ.

मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत इतिहास शिकवतो. आल्प्स पर्वत मी पाहिला आहे तो पुस्तकांतून आणि नकाशांतून. पण कळसूबाईच्या शिड्या मुलांना बरोबर घेऊन मी अनेकदा चढलो आहे, आणि महाराष्ट्रातील या सर्वांत उंच, १,६४६ मीटरच्या शिखरावर ज्यांचे जाणे झाले असेल, त्यांना लोखंडाच्या वाटेची कल्पना करणे अवघड जाऊ नये. तिथल्या शिड्या आणि साखळ्या मनाने दहापटीने लांबवाव्यात, खाली दरी ठेवावी, वर ढग ठेवावेत. फरक उरतो तो एका गोष्टीचा. कळसूबाईला आपण साखळी हातांनी धरतो. युरोपातल्या त्या वाटेवर जाणारा माणूस हातांनी तर धरतोच, शिवाय कमरेनेही तारेला जोडलेला असतो.

हा कमरेचा फरक लहान दिसतो, परंतु माझ्या समजुतीप्रमाणे लोखंडाच्या वाटेचा सारा इतिहास त्यातच आहे. डोंगरात लोखंड आधी आले. त्या लोखंडाशी माणसाला जिवाच्या भरवशाने बांधणारे साधन यायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली. लोखंड दिसले की माणूस निर्धास्त होतो, आणि निर्धास्त माणसाला आणखी काही हवेसे वाटत नाही, हे या दिरंगाईचे एक कारण असावे असे मला वाटते.

प्रारंभ शोधायचा तर फार मागे जाता येते. कोलंबस ज्या वर्षी पश्चिमेला निघाला त्याच १४९२ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याने आपल्या आंत्वान द व्हील नावाच्या सरदाराला माँ एग्वीय हा चहूबाजूंनी तुटलेला डोंगर चढून जाण्याची आज्ञा केली. किल्ल्याला शिड्या लावाव्यात तशा त्याने डोंगराला शिड्या लावल्या, दोर बांधले, आणि तो माथ्यावर पोहोचला. त्यानंतर त्या माथ्यावर माणूस गेला तो १८३४ साली. म्हणजे शिड्या गेल्या तशी वाटही गेली. राजाची हौस फिटली होती. तिच्या मागून कोणी जावे असा हेतूच नव्हता.

दुसऱ्यांनीही यावे या हेतूने केलेले पहिले ठळक काम ऑस्ट्रियातले. फ्रीड्रिख सिमोनी हा भूगोलाचा अभ्यासक डाखश्टाइन या पर्वताने वेडावला होता. त्याचे सर्वोच्च शिखर ३,००० मीटरला जेमतेम पाच मीटर कमी. सिमोनीला तिथल्या हिमनद्यांचा अभ्यास करायचा होता, आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा वर जाणे भाग होते. १८४३ साली त्याने कातळात लोखंडी खुंट्या आणि हाताला धरायच्या कड्या बसवून घेतल्या, पायऱ्या खोदवल्या, जाड दोर लावला. लोखंडाच्या वाटांचा जन्म सामान्यतः या सालापासून मोजतात. पुढे १८६९ साली प्रागचा व्यापारी योहान श्ट्यूडल याने ऑस्ट्रियातील सर्वोच्च अशा ग्रोसग्लॉकनर शिखराच्या एका धारेवर आधार बसवले. १९०३ साली जर्मन-ऑस्ट्रियन गिर्यारोहण मंडळाने मार्मोलादा पर्वताच्या पश्चिम धारेवर अशीच वाट केली. मार्मोलादा म्हणजे डोलोमाइट पर्वतराजीतले सर्वांत उंच शिखर, ३,३४३ मीटर.

हे डोलोमाइट पर्वत आज उत्तर इटलीत आहेत. चुनखडीसारख्या फिकट दगडाचे, भिंतीसारखे उभे, सूर्यास्ताला गुलाबी होणारे हे डोंगर. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्यामधून एक सरहद्द जात होती : एका अंगाला ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य, दुसऱ्या अंगाला इटलीचे राज्य. दोन्हीकडचे गुराखी, वाटाडे, शिकारी एकमेकांना ओळखत.

२३ मे १९१५ रोजी इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले, आणि सुखवस्तू प्रवाशांची ही चढण्या-उतरण्याची जागा रणांगण झाली. डोंगरी युद्धाचा नियम सोपा व क्रूर असतो. माथा ज्याचा, खिंड त्याची. म्हणून ज्या सुळक्यावर पूर्वी वर्षाकाठी चार हौशी माणसे जात, तिथे आता बारमाही चौकी बसली. आणि चौकी बसली की तिला रोज अन्न, पाणी, सरपण, काडतुसे पोहोचवावी लागतात. जखमी खाली आणावे लागतात. हे सर्व शत्रूच्या नजरेआड, बहुधा रात्री, हिवाळ्यात पुरुषभर बर्फातून. ज्यांनी जन्मात कडा चढला नव्हता अशा शिपायांना पाठीवर ओझे देऊन तिथून पाठवायचे होते. म्हणून दोन्ही सैन्यांनी कातळात खुंट्या ठोकल्या, लाकडी शिड्या अडकवल्या, दोर आणि तारा ताणल्या. डोलोमाइटमधील अनेक प्रसिद्ध वाटांचा मूळ आराखडा असा पडला. शोभेसाठी यातली एक खुंटीही ठोकलेली नव्हती.

या युद्धातली एक हकीकत मला कादंबरीकार म्हणून अस्वस्थ करते. सेप इनरकोफ्लर हा त्या मुलखातला नामांकित वाटाड्या. ‘तीन शिखरे’ म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या सुळक्यांसमोर एक विश्रामघर होते, ते तो चालवी. त्या विश्रामघराच्या डोक्यावरच पातेर्नो नावाचे सुमारे २,७०० मीटर उंचीचे शिखर उभे आहे. युद्धाच्या पहिल्याच दिवसांत तोफांनी विश्रामघर उद्ध्वस्त झाले आणि शिखरावर इटालियन शिपाई जाऊन बसले. इनरकोफ्लर एकोणपन्नास वर्षांचा होता. ४ जुलै १९१५ रोजी आपल्या काही साथीदारांसह तो पहाटे ते शिखर जिंकायला निघाला. तिथला दगड अन् दगड त्याच्या ओळखीचा. माथ्याच्या अगदी जवळ तो पडला. वर असलेल्या पिएरो दे लुका नावाच्या इटालियन शिपायाने दगड टाकून त्याला मारले, असे एक परंपरा सांगते. त्याला आपल्याच बाजूच्या मशीनगनची गोळी लागली, असे दुसरी सांगते. शत्रूने त्याचा मान राखला. इटालियन शिपायांनी त्याला पातेर्नोच्या माथ्यावर पुरले. १९१८ साली त्याचे अवशेष खाली त्याच्या गावी नेण्यात आले.

त्या शिखरावर आज लोखंडाची वाट आहे, आणि वाटेचा मोठा भाग युद्धात खोदलेल्या बोगद्यांतून जातो. तिचे नाव ‘दे लुका-इनरकोफ्लर’. ज्याने मारले असे म्हणतात तो, आणि जो मेला तो, दोघांची नावे एका वाटेला दिलेली आहेत. एका देशाने स्वतःच्या भूमीवर शत्रूचे नाव आपल्या शिपायाच्या नावाला जोडून ठेवावे, ही गोष्ट इतिहास शिकवणाऱ्या माणसाला सहजी दिसत नाही. मी ती मुलांना आवर्जून सांगतो.

कडे जिंकता येईनात तेव्हा दोन्ही बाजूंनी ते आतून पोखरले. लागाझुओई या पर्वतात इटालियनांनी सुमारे अकराशे मीटर लांबीचा चढता बोगदा खणला आणि २० जून १९१७ रोजी सुमारे ३३ टन स्फोटके पेटवून पर्वताचा एक खांदाच उडवला. मार्मोलादाच्या हिमनदीच्या पोटात ऑस्ट्रियनांनी कित्येक किलोमीटरची बोळे खोदून बर्फाचे गाव वसवले होते. त्यात निजण्याच्या खोल्या होत्या, कोठारे होती. आणि तरीही १३ डिसेंबर १९१६ रोजी त्याच पर्वतावरून कोसळलेल्या हिमलोटाखाली ऑस्ट्रियन छावणीतले अडीचशेहून अधिक शिपाई गाडले गेले. त्या दोन हिवाळ्यांत डोलोमाइटमध्ये गोळीने मेले तितकीच, किंबहुना अधिक, माणसे बर्फाने, थंडीने आणि पडून मेली, असे त्या युद्धाचे अभ्यासक मानतात.

यात पडून मेलेल्यांकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्यांच्या वाटेवर खुंटी होती, दोर होता, शिडी होती. हात गारठले, बोटे सुटली, आणि माणूस गेला. लोखंड जागच्या जागी राहिले. लोखंडाच्या वाटेची अर्धी बाजू तेव्हा पूर्ण झाली होती; उरलेली अर्धी कोणाला सुचलीही नव्हती.

१९१७ च्या हेमंतात इटालियन सैन्याचा दुसऱ्या आघाडीवर पराभव झाला आणि डोलोमाइटमधील चौक्या ओस पडल्या. युद्धानंतर, १९१९ च्या तहाने, हा सारा प्रदेश इटलीकडे गेला. लाकूड कुजले, दोर तुटले, लोखंड गंजत पडले. इथे मला आपल्याकडचे १८१८ साल आठवते. पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी नाशिक-नगरकडच्या कित्येक डोंगरी किल्ल्यांच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. पुन्हा कोणी वर जाऊन बसू नये हा उद्देश. आमच्याकडे विजेत्याने वाटा मोडल्या, आणि त्या मोडलेल्या जागी आजही दोर लावून चढावे लागते. डोलोमाइटमध्ये विजेत्यांच्या वाट्याला दोन्ही सैन्यांच्या वाटा आल्या, आणि कालांतराने गिर्यारोहण मंडळांनी त्यांतल्या अनेक नव्या तारा घालून सामान्य माणसाला खुल्या केल्या.

१९३० च्या दशकात ब्रेंता या शेजारच्या पर्वतरांगेत ‘बोकेत्ते’ नावाची वाट सुरू झाली, तिचे काम पुढे अनेक वर्षे चालले. हिचा एक विशेष मला फार आवडतो. कड्यांच्या अंगाला निसर्गानेच आडवे कट्टे ठेवले आहेत. ही वाट त्या कट्ट्यांवरून खिंडीमागून खिंड ओलांडीत जाते, पण कोणत्याही शिखराच्या माथ्यावर जात नाही. लोखंड लावून शिखर सोपे करणे हा डोंगराचा अपमान आहे, असे म्हणणारा एक पक्ष गिर्यारोहकांत पहिल्यापासून आहे, आणि त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. बोकेत्तेची वाट ही त्या वादातली मला पटलेली तडजोड आहे : चालणाऱ्याला कड्याचे दर्शन द्यावे, शिखर मात्र ज्याने ते कसबाने मिळवावे त्याच्यासाठी ठेवावे. फ्रान्समध्ये या वाटा फार उशिरा, १९८८ साली फ्रेसिन्येर गावापासून सुरू झाल्या. त्या युद्धातून आलेल्या नाहीत, गावाला पाहुणे मिळावेत म्हणून केलेल्या आहेत.

आता त्या उरलेल्या अर्ध्या बाजूकडे, म्हणजे माणसाच्या कमरेकडे येतो.

युद्धानंतर कित्येक वर्षे लोक या वाटांवर छातीला दोराचा फास बांधून, त्याला एखादी कडी लावून जात. वरवर पाहता हे पुरेसे वाटते. थोडा हिशेब करू. समजा, तार उभी आहे आणि दोन खुंट्यांत पाच मीटरांचे अंतर आहे. माणूस वरच्या खुंटीपाशी पोहोचला आणि त्याचा हात सुटला. त्याची कडी तारेवरून घसरत खालच्या खुंटीपर्यंत येणार, म्हणजे पाच मीटर. शिवाय त्याचा दोर ताठ होईपर्यंत आणखी मीटरभर किंवा अधिक. सहा मीटरांचे हे पतन अडवायला मध्ये आहे मीटरभर दोराचा तुकडा. साधा गिर्यारोहक पडतो तेव्हा त्याच्या मागे लांब, ताणला जाणारा दोर असतो. पतनाची लांबी भागिले दोराची लांबी हे गुणोत्तर तिथे सहसा दोनच्या वर जात नाही. इथे ते सहाच्या घरात जाते. एवढ्या हिसक्याने दोर तुटतो, कडी मोडते, आणि दोन्ही टिकले तर माणसाचे शरीर टिकत नाही.

उपाय कोणत्याही क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला ठाऊक आहे. जोराचा झेल घेताना तो हात चेंडूबरोबर मागे नेतो, म्हणजे हाताला झिणझिण्या येत नाहीत. थांबवायचे ते एकदम थांबवू नये, थोडे अंतर देऊन थांबवावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वाटांसाठी तसे साधन निघाले. आधी एका भोके पाडलेल्या धातूच्या पट्टीतून दोर ओवून तो घर्षणाने हळूहळू सरकेल अशी योजना होती. नंतर घडी घालून दाट शिवलेली पट्टी आली. हिसका बसला की तिची शिवण एकेक टाका उसवत जाते आणि पडणारा माणूस एकदम न थांबता सावकाश थांबतो. आता वापरतात त्या संचात या उसवणाऱ्या पट्टीतून दोन ताणते हात निघतात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एक मोठा, आपोआप बंद होणारा कॅराबिनर असतो. पट्टी कमरेच्या हार्नेसला बांधलेली असते.

दोन हात का, हे वाटेवर पहिल्याच खुंटीपाशी कळते. खुंटी ओलांडायची तर कडी काढून पलीकडे लावावी लागते. आधी एक काढायची, पलीकडे अडकवायची, मग दुसरी. कोणत्याही क्षणी निदान एक कडी तारेवर असलीच पाहिजे. जुन्या घर्षणपट्टीच्या संचात मात्र दोन्ही हात एकाच दोराचे असत, आणि दोन्ही कड्या एकदम लावल्या तर दोर सरकण्याची जागाच बंद होई. म्हणून त्या काळी चालताना एकच कडी लावण्याची शिकवण होती. साधन बदलले आणि नियम उलटा झाला. आजोबांचा संच आणि नातवाचा नियम एकत्र करू नयेत, हे त्यावरून समजावे.

या संचांसाठी युरोपात ठरलेले मानक आहे, आणि त्यानुसार आजचा संच ४० ते १२० किलो वजनाच्या माणसासाठी धरलेला असतो. हलक्या मुलाच्या वजनाने पट्टी नीट उसवतच नाही. म्हणून मुलांना वरून वेगळ्या दोराने सांभाळावे लागते. २०१२ साली ऑस्ट्रियातील टिरोलमध्ये एका संचाचे दोन्ही हात एकाच वेळी तुटून माणूस मेला. ताणते हात वापराने आतून झिजले होते आणि बाहेरून ते दिसत नव्हते. त्यानंतर अनेक कंपन्यांनी आपला माल परत मागवला आणि चाचण्या अधिक कडक झाल्या. एकदा हिसका खाल्लेला संच पुन्हा वापरायचा नाही, आणि न पडता जुना झालेलाही मुदतीनंतर टाकून द्यायचा.

बाकीचे सामान थोडके आहे, पण प्रत्येक वस्तूला कारण आहे. डोक्याला हेल्मेट, कारण पुढे जाणाऱ्याच्या पायाने दगड सुटतात. हाताला मोजे, कारण जुन्या तारेचे सुटे धागे सुईसारखे टोचतात. जाड तळव्याचे बूट. युद्धकालीन बोगद्यांसाठी कपाळाला बांधायचा दिवा. थकल्यावर कडीला अडकून विसावा घेण्यासाठी एक आखूड पट्टी. दोन खुंट्यांच्या मध्ये एका वेळी एकच माणूस, नाहीतर वरचा पडला की खालच्याला घेऊन जातो. आणि आकाशात गडगडले की वाट सोडायची, कारण मैलभर लांबीची पोलादी तार विजेला फार आवडते. वाटांची अवघडपणाची प्रतवारीही असते. ऑस्ट्रियात ती ‘ए’पासून ‘ई’पर्यंत लावतात. नवख्याने ‘ए’पासून प्रारंभ करावा, हे सांगायला नको.

एवढे सर्व अंगावर घालूनही तिथले जाणकार एकच गोष्ट बजावतात : पडू नका. पट्टी तुम्हांला जिवंत ठेवील, पण वाटेत लोखंडी कड्या आणि कातळाचे कंगोरे आहेत, त्यांवर आदळून हाडे मोडतीलच. आणि डोंगर स्वतःही स्थिर नाही. ३ जुलै २०२२ रोजी मार्मोलादाच्या हिमनदीचा एक मोठा तुकडा उन्हाने सुटून कोसळला, त्यात अकरा माणसे गेली. आल्प्समधल्या हिमनद्या वितळत आहेत आणि त्यांतून पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे अवशेष शंभर वर्षांनी वर येत आहेत. लोखंडाची वाट करणाऱ्यांपैकी काही जण असे अजून परत येतात.

आपल्याकडे अलीकडे किल्ल्यांवर लोखंडी कठडे, शिड्या, साखळ्या वाढत आहेत. सुट्टीच्या दिवशी त्यांवर माणसांची रांग लागते, एकाच साखळीला दहा-दहा जण लोंबतात, लहान मुले मध्ये असतात. गर्दी निर्धास्त असते, कारण हाताला लोखंड लागते. त्या शिपायांच्याही हाताला लोखंड होते. सह्याद्रीत डोलोमाइट आणावा असे मी म्हणत नाही. आमचे कडे निराळे, आमचा पाऊस निराळा, आणि चार महिन्यांच्या त्या पावसात लोखंड किती वेगाने गंजते हे आपल्या खिडकीचे गज पाहिले तरी कळते. पण गावोगाव वर्गणी काढून साखळी बसवली जाते तेव्हा दरवर्षी पावसाळ्यानंतर तिची प्रत्येक खुंटी हलवून पाहणारा माणूस कोण, हे त्याच बैठकीत ठरवावे, आणि वर्गणीतला चौथा हिस्सा त्याच्यासाठी बाजूला ठेवावा. साखळीपाशी एका वेळी किती जणांनी यायचे तेही तिथेच पाटीवर लिहावे. हे काम साखळी बसवण्यापेक्षा स्वस्त आहे, आणि त्याचे उद्घाटन करायला कोणी येणार नाही, म्हणूनच ते राहून जाते.